सायगॉनमध्ये गाडीवर काय खायचं आणि टेबलावर काय मागवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरात पाच जण सायगॉनला, म्हणजे व्हिएतनामच्या आजच्या हो ची मिन्ह सिटीला, निघालेत. आई-बाबा शाकाहारी, अंडंही चालत नाही. नवरा-बायको सगळं खाणारे. मुलगी नऊ वर्षांची, तिखट म्हटलं की तोंड फिरवणारी. जुन्या बाजारातल्या, रस्त्यावरच्या खाण्यावरून मेन्यू बेतलेल्या एका नावाजलेल्या आधुनिक व्हिएतनामी रेस्टॉरंटचं बुकिंग करायचं मनात आहे. पण जे फुटपाथवर दीड-दोनशे रुपयांत मिळतं त्याचे दहापट पैसे का मोजायचे? आणि गेलोच तर मागवायचं काय?

जा. बुकिंग करून टाका. फक्त त्या एका जेवणाकडून अख्ख्या व्हिएतनामची अपेक्षा ठेवू नका आणि मेन्यूवर ओळखीची नावं दिसली म्हणून तीच मागवू नका. दादरच्या केटरिंग कॉलेजातून निघाल्यावर माझी बरीच वर्षं सायगॉनमधल्या भटारखान्यांत गेली. हॉटेलातही काम केलं आणि गल्लीतल्या दुकानातही, त्यामुळे सांगतोय ते आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

माझा हिशेब सोपा आहे. काही पदार्थांचा जीव विस्तव आणि तोंड यांच्यामधल्या मिनिट-दोन मिनिटांत असतो. काहींचा जीव आदल्या रात्रीपासून चाललेल्या कामात असतो. पहिले गाडीवर खावेत, दुसरे रेस्टॉरंटात. पैसे वाया गेले म्हणून कुरकुरणारे बहुतेक पाहुणे नेमके उलट करतात. एसीत बसून बान्ह सेओ, म्हणजे तिथलं कुरकुरीत घावन, मागवतात आणि मग म्हणतात, कोपऱ्यावरच्या बाईचं बरं होतं. बरं असणारच.

कारण साधं आहे. फुटपाथवरची बाई एकच पदार्थ करते. विकलं जाईल तेवढंच सामान आणते आणि तिच्या तव्यावरून उतरलेलं सरळ तुमच्या हातात येतं. रेस्टॉरंटात मेन्यूवर पंचवीस-तीस पदार्थ असतात. तुमच्या टेबलाच्या पाच ऑर्डरी पाच वेगळ्या जागी तयार होतात. जे ताट आधी झालं ते पासवर, म्हणजे भटारखाना आणि वाढपी यांच्यामधल्या दिव्याखालच्या फळीवर, बाकीच्यांची वाट बघत थांबतं. एरवी दोन मिनिटं, शनिवारच्या गर्दीत सहा-सात. रश्शाला त्याने काही होत नाही. कुरकुरीत पदार्थाचा मात्र तिथेच निकाल लागतो.

बान्ह सेओचंच बघा. तांदळाचं पीठ, हळद, दक्षिणेकडे नारळाचं दूध, असा पातळ घोळ. कोकणातल्या माणसाला ते हळद घातलेलं मोठं घावनच वाटेल, फक्त घावन मऊ हवं आणि हे कडक. खोलगट तव्यात आधी डुकराच्या मांसाचे पातळ तुकडे आणि कोलंबी परततात. मग घोळ ओतून तवा हाताने गोल फिरवतात, म्हणजे कडेला तो इतका पातळ चढतो की जाळी पडते. वर मूठभर मुगाचे लांब मोड, मिनिटभर झाकण. झाकण काढलं की कडेने तेल सोडायचं आणि थांबायचं. कड तव्यापासून सुटून वर उचलली गेली की दुमडून ताटात. आता आतले मोड वाफ सोडतच राहतात आणि ती वाफ बाहेर जायला जागा शोधते. तीन-चार मिनिटांत तळ मऊ पडतो. मग ताट कितीही सुंदर असो, तुम्ही ओलसर घावन खाताय. म्हणून बान्ह सेओ खायचं ते तवा दिसेल अशा दुकानात, लहान स्टुलावर बसून. काटा-चमचा बाजूला ठेवा. मोहरीचं रुंद पान हातावर घ्या, त्यात तोडलेला तुकडा, वर दोन-तीन प्रकारचा पाला, गुंडाळी करायची आणि वाटीत बुडवायची. मोहरीच्या पानाचा झणका नाकात गेला नाही तर तेलाचा जडपणा जाणवतो. नुसतं खाऊन ‘तेलकट आहे’ म्हणणाऱ्यांनी पान बाजूला सारलेलं असतं.

बान्ह मीचंही तसंच. पाव फ्रेंचांनी आणला, पण पावात सगळं भरून हातात द्यायची रीत सायगॉनची. 1954 साली देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत आले. त्यांच्यातल्याच एका जोडप्याने 1958 मध्ये होआ मा नावाचं दुकान काढलं. हॅम, पाते (यकृताची पेस्ट) आणि पाव बशीत वेगवेगळं मांडून द्यायची फ्रेंच पद्धत घाईतल्या गिऱ्हाइकाला परवडेना, म्हणून सगळं पावात भरून द्यायला सुरुवात झाली, असं सांगतात. दुकान आजही काओ थांग रस्त्याच्या गल्लीत आहे आणि सकाळी तव्यातली अंडी-हॅम पावासोबत मिळतात. ह्या पावाचं कवच कागदासारखं पातळ असतं. सायगॉनच्या दमट हवेत ते काही तासांत चिवट होतं, म्हणून ज्या गाडीसमोर रांग आहे तिथेच घ्यायचा. रांग म्हणजे ताजा पाव, बाकी काही नाही.

आता तुमचं रेस्टॉरंट. नाव तुम्ही दिलेलं नाही, पण वर्णनावरून आनआन सायगॉन असावं. शेफ पीटर कुओंग फ्रँकलिन यांनी ते 2017 मध्ये तोन थात दाम रस्त्यावर, जुन्या बाजाराच्या ऐन मधोमध सुरू केलं. त्यांचा जन्म दा लातचा. 1975 मध्ये लहानपणीच देश सुटला, अमेरिकेत वाढले, आधी बँकेत नोकरी केली आणि मग स्वयंपाकाकडे वळले. जून 2023 मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडची व्हिएतनामची पहिली यादी निघाली, तेव्हा देशभरात चार ठिकाणांना एकेक तारा मिळाला. तीन हनोईत, सायगॉनमध्ये फक्त हे. शंभर डॉलरचा बान्ह मी विकून त्यांनी बरीच चर्चा ओढवली होती. त्यात फ्वा ग्रा (बदकाचं यकृत), ट्रफल (महागडी अळंबी) वगैरे. घोषणा म्हणून मला तो आवडतो, कारण व्हिएतनामी जेवण म्हणजे स्वस्तच असायला हवं ह्या समजुतीला कुणीतरी टाचणी लावायला हवी होती. खायला म्हणून तुम्हाला त्याची गरज नाही.

त्याच यादीत परवडणाऱ्या किमतीत चांगलं खाणं देणारी 29 ठिकाणं वेगळी होती आणि त्यांत फोची (रस्सा-नूडल्स), कॉम तामची (कणीचा भात) साधी दुकानं होती. म्हणजे मिशेलिनचे लोकसुद्धा दोन्हीकडे जेवले. तुम्हीही तेच करा.

अशा ठिकाणी मागवावं काय? पहिलं म्हणजे गोई, तिथल्या कोशिंबिरी. त्यात विस्तवाचं कामच नसतं, सगळा मामला सुरीचा आणि सामानाचा. केळफुलाची कोशिंबीर असेल तर डोळे मिटून मागवा. केळफूल चिरलं की काळं पडतं. ते पांढरं ठेवायचं तर लिंबाच्या पाण्यात बुडवूनच चिरावं लागतं, केसासारखं बारीक, आणि मग बर्फाच्या पाण्यात. चांगल्या रेस्टॉरंटात एक माणूस दुपारभर तेवढंच करतो. गाडीवर तेवढी फुरसत नसते. पोमेलोची, म्हणजे पपनसाची, कोशिंबीरही तशीच, फोडींची साल एकेक करून काढावी लागते.

दुसरं, मातीच्या भांड्यातले ‘खो’ प्रकार. साखर गडद होईपर्यंत जाळायची, कडू व्हायच्या नेमकं आधी थांबवायची, त्यात मासळीचा अर्क, मिरी आणि मासा किंवा मांस घालून मंद आटवायचं. गोड-खारट असा दाट रस उरतो, तो साध्या भाताबरोबर. दिसायला हा सगळ्यात गरीब पदार्थ, पण मासा चांगला असेल तर मेन्यूवर ह्याच्या तोडीचं काही नाही. आधुनिक शेफ इथे पैसे कमावतो ते मासा निवडण्यात.

तिसरं, बुन बो ह्वे, म्हणजे गोमांसाचा नूडल्स-रस्सा, किंवा त्यावरून केलेलं काहीही. ह्वे ही जुनी राजधानी, मध्य व्हिएतनामची. रश्शात गवती चहा ठेचून, मिरचीचं तेल आणि माम रुओक, म्हणजे जवळ्याच्या जातीच्या बारीक कोलंबीचा खारवून आंबवलेला लगदा. हा लगदा पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन, वरचं निवळ तेवढं रश्शात जातं. उतावीळ भटारखान्यात तो तसाच ढवळला जातो आणि मग वास पुढे येतो, चव मागे राहते. चांगल्या ठिकाणी वास जेमतेम कळतो. मुलीला हा देऊ नका, मध्य व्हिएतनामचं जेवण खरोखर तिखट असतं.

चा का मेन्यूवर दिसला तर सोडू नका. मूळ हनोईचा. हळद लावलेले माशाचे तुकडे, टेबलावरच्या शेगडीवर पातीचा कांदा आणि ढीगभर शेपू घालून परततात. हो, शेपूच. आपल्याकडे अर्धी घरं ज्या भाजीला नाकं मुरडतात ती तिथे माशाच्या गरम तेलात पडते आणि अगदी वेगळी लागते. हनोईच्या चा का ला वाँगमध्ये 1871 पासून हाच एक पदार्थ आहे. त्याच्यावरून गल्लीचं नावच चा का पडलं. विस्तव टेबलापर्यंत येत असल्यामुळे माझा पास-बिसचा हिशेब इथे लागू पडत नाही. तसंच, भटारखान्यासमोरच्या कट्ट्यावर जागा मिळत असेल तर ती घ्या. तिथून भाजलेले पदार्थही बेधडक मागवता येतात. दा लातकडचं बान्ह त्रांग नुओंग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या तांदळाच्या पापडावर अंडं, कांद्याची पात, सुकी कोलंबी, ही आधुनिक रेस्टॉरंटांची हमखास चीज आहे आणि कट्ट्यावर बसून ती मस्त लागते. पाच जणांना कट्टा मिळणं मात्र कठीण.

आणि फो? फो तिथे नको. बेकार असेल म्हणून नव्हे. फो हा मुळात सकाळचा पदार्थ आणि गल्लीतल्या दुकानात तो आयुष्यभर तेवढंच करणाऱ्या माणसाच्या हातचा मिळतो. हाडं आधी एक उकळी काढून ते पाणी फेकायचं, हाडं धुवायची, मग नव्या पाण्यात आठ-दहा तास, बुडबुडा जेमतेम हलेल इतक्या आचेवर. आलं आणि कांदा थेट जाळावर काळे करून, खरवडून टाकायचे. दालचिनी, लवंग, धणे, धुरात वाळवलेली मोठी वेलची आणि चक्रीफूल कोरडं भाजून शेवटच्या तासाला. (भारतात येणाऱ्या चक्रीफुलाचा मोठा वाटा व्हिएतनामचाच आहे. तुमच्या आईच्या गोड्या मसाल्यातलं बहुधा तिकडूनच आलेलं असेल.) हनोईत वाडग्यात रस्सा, नूडल्स, मांस, पात, एवढंच. जोडीला व्हिनेगरमधला लसूण. सायगॉनमध्ये रस्सा जरा गोडसर आणि बाजूला पाला-मोडांचं ताट. उत्तरेकडचे लोक ह्या ताटाला हसतात. त्यांच्याकडे युद्धाच्या आणि रेशनच्या काळात सरकारी दुकानांत बिनमांसाचा फो मिळायचा. त्याला ते अमेरिकेच्या पायलट नसलेल्या टेहळणी विमानांवरून ‘बिनवैमानिकाचा फो’ म्हणायचे. ज्यांनी तो खाल्लाय ते साध्या फोबद्दल कडवे असतात, आणि मला ते पटतं.

वेळेचं भान ठेवा, अर्धं काम तिथेच होतं. फो आणि कॉम ताम सकाळी, बुन चा (कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आणि नूडल्स) दुपारी, शिंपल्या-गोगलगायी संध्याकाळनंतर. कॉम ताम म्हणजे तांदळाच्या कणीचा भात. गिरणीत उरलेली कणी गरिबांच्या वाट्याला यायची. आज तीच कणी मुद्दाम महाग विकली जाते आणि तिच्यावर कोळशावर भाजलेली डुकराची चॉप येते. बुन चा हनोईत अकरा ते दोनमध्ये खावा, तेव्हा गल्लीत पंख्याने धूर बाहेर ढकललेला असतो. मे 2016 मध्ये ओबामा आणि अमेरिकन शेफ-लेखक अँथनी बोर्डेन ज्या हुओंग लिएन दुकानात बसले ते टेबल आता काचेत आहे, लोक फोटो काढायला जातात. फोटो काढा, हरकत नाही. पण रात्री नऊ वाजता गॅसवर केलेला बुन चा सायगॉनच्या रेस्टॉरंटात मागवू नका.

टेबलावर बसल्यावर रेस्टॉरंट कसं आहे हे कळायला मला दोन गोष्टी पुरतात. पहिली पाल्याचं ताट. त्यात निदान चार-पाच प्रकार हवेत: जांभळ्या पाठीचं तिया तो, लांबट राऊ राम, कातरलेल्या कडांचं न्गो गाई, तुळशीच्या जातीचं हुंग क्वे, कधी मासळीच्या वासाचं एक बदामी आकाराचं पान. हे शेवटचं तुम्हाला आवडणार नाही, बहुतेकांना आवडत नाही, तसंच ठेवा. पानं अख्खी हवीत, टोकं काळी नकोत आणि ताटाच्या तळाशी पाणी साचलेलं नको. पाला धुऊन नीट झटकून कोरडा करणं हे भटारखान्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे. त्यात चुकारपणा झाला असेल तर बाकी ठिकाणीही झालेला असतो. ताटच आलं नाही, नुसती वर दोन पानं चिमट्याने टेकवलेली आली, तर समजा की इथे पाला फक्त दिसण्यापुरता आहे. अशा वेळी मी सरळ मागतो, आणि मागितला की मिळतो.

दुसरी म्हणजे नुओक चामची, बुडवून खायच्या चटणीची, वाटी. मुळाशी असतो नुओक माम, मासळीचा अर्क. फू क्वोक बेटावर मांदेलीच्या कुळातली छोटी मासळी, साधारण तीन भागांना एक भाग मीठ, लाकडाच्या मोठ्या पिंपांत वर्षभर ठेवतात. तिथल्या अर्काच्या नावाला 2012 पासून युरोपीय संघाचं संरक्षण आहे. बाटलीवर 30, 35, 40 असा आकडा असतो, तो प्रथिनांतल्या नायट्रोजनचा; जितका जास्त तितका अर्क दाट. तो साखर, पाणी आणि लिंबाने हलका करून नुओक चाम होतो. साखर आधी कोमट पाण्यात विरघळवायची, मग लिंबू, मग अर्क, आणि बारीक चिरलेला लसूण-मिरची सगळ्यात शेवटी, म्हणजे ते वर तरंगतं. काहीही बुडवायच्या आधी चमच्याने एक घोट चाखा. आधी आंबट, मग गोड, मग खारट असं येत येत शेवटी माशाची चव जिभेच्या मागे राहायला हवी. नुसतं गोड लागलं तर ते पर्यटकांसाठी केलेलं आहे. मग लिंबाची फोड आणि मिरची मागून घ्या आणि स्वतः सुधारा. त्यात शेफचा अपमान वगैरे काही नसतो, टेबलावर चव लावून घेणं ही तिथली रीतच आहे.

आता आई-बाबांचं. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

साधी दिसणारी भाजी शाकाहारी असेलच असं नाही. लसूण घालून परतलेली नाळीची भाजी जिकडेतिकडे मिळते. तिच्यात मासळीचा अर्क किंवा ऑयस्टर सॉस असतो, आणि तो नको म्हणून सांगितलं तरी ‘हात नेम’ नावाची दाणेदार पूड पडते. ती बहुतेकदा डुकराच्या हाडांच्या अर्काची असते. भटारखान्यातला माणूस ती मांस समजतच नाही, मीठ-साखरेसारखी हाताशी असते. म्हणून ‘नो मीट’ हे शब्द कुचकामी आहेत. ‘तोय आन चाय’ म्हणा. चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. हे ऐकल्यावर समोरचा माणूस मांस, मासे, अर्क, पूड सगळं आपोआप बाद करतो, कारण त्याच्या स्वतःच्या घरात आजी हेच खात असते. परंपरेने चाय जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे आई-बाबा माळकरी असतील तर तोही प्रश्न मिटला. जैन असतील तर मात्र कंदमुळांबद्दल वेगळं सांगावं लागेल.

चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे ढोबळमानाने अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, निम्मं शहर चाय खातं. त्या दिवशी बाजारात गाडीवरही चाय फो, चाय बान्ह मी मिळतात. निघायच्या आधी कालनिर्णय उघडा आणि सायगॉनमधला एक दिवस असा साधता येतो का बघा. कच्च्या फणसाची कुयरी, कमळकाकडी, केळफूल, टोफू, पाच-सहा प्रकारचे मश्रूम, हे सगळं त्यांच्या ओळखीचंच निघेल. एक सांगून ठेवा: चाय दुकानांत सोयाचं ‘हॅम’, सोयाची ‘कोलंबी’, अगदी शेपटीसकट, असे प्रकार असतात. आईच्या ताटात ती अचानक आली तर पुढचं जेवण होणार नाही.

आधुनिक रेस्टॉरंटात आयत्या वेळी शाकाहारी मागितलं तर तुम्हाला मूळ पदार्थ वजा मांस असं काहीतरी मिळतं, म्हणजे किंमत तीच आणि ताट अर्धं. दोन-तीन दिवस आधी कळवलं तर भटारखाना भाज्यांचा रस्सा वेगळा चढवतो, मश्रूमची पूड आणि सोया सॉसचं नुओक चाम करतो. फरक जमीन-अस्मानाचा पडतो. अंड्याचं स्वतंत्र लिहा. हनोईची प्रसिद्ध अंडा-कॉफी आई-बाबांना नुसती ‘स्पेशल कॉफी’ म्हणून पाजू नका, तिच्यावरचा फेस पिवळ्या बलकाचाच असतो. साधी दुधाची थंड कॉफी द्या, आणि तीही दुपारच्या आत. व्हिएतनामी कॉफी रोबस्टाची, म्हणजे जास्त कडक जातीची, असते; संध्याकाळी घेतली तर रात्रभर दोघं खिडकीत बसतील.

मुलीची काळजी नको. दक्षिणेत मिरची बाजूच्या वाटीत येते, पदार्थात सहसा नसते. चिकनचा फो, तळलेलं अंडं घातलेलं कॉम ताम, उसाचा रस, एवढ्यावर ती खूश राहील. रेस्टॉरंटात तिच्यासाठी टेस्टिंग मेन्यू घेऊ नका, कुठल्याही नऊ वर्षांच्या मुलाला दोन-अडीच तास बसवणं म्हणजे शिक्षा. खरं तर तुम्हा पाचही जणांसाठी आ ला कार्तच, म्हणजे मेन्यूतून एकेक पदार्थ निवडून मागवणंच, बरं. टेस्टिंग मेन्यूत एकेक घास एकामागून एक येतो, आणि व्हिएतनामी जेवणाची मजा सगळं एकदम मध्ये मांडून, आपापल्या वाडग्यात थोडं थोडं घेत खाण्यात आहे. ऑर्डर देताना ‘सगळं एकदम आणा’ असं सांगा, नाहीतर आजकाल युरोपीय पद्धतीने ओळीने आणतात. दोघांना टेस्टिंगची हौस असेल तर मुलीला आजी-आजोबांकडे सोपवून वेगळ्या रात्री जा.

पैशांचं. एका रुपयाला ढोबळ तीनशे डोंग धरा. फुटपाथवरचा फो पन्नास हजार डोंगच्या आसपास, म्हणजे तुमचे दीड-दोनशे रुपये बरोबर आहेत. आधुनिक ठिकाणी मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर त्यावर पाच टक्के सेवाशुल्क आणि आठ किंवा दहा टक्के व्हॅट चढणार. वर पुन्हा टिप द्यायची सक्ती नाही. मधल्या दर्जाच्या दुकानांत बसल्याबरोबर प्लास्टिकमधले ओले रुमाल आणि शेंगदाण्यांची बशी समोर येते. ते फुकट नसतं. रुमाल फोडला की बिलात दोन-चार हजार डोंग लागतात. रक्कम किरकोळ आहे, त्यावरून वाद घालणारी आपली माणसं बघून मला लाज वाटते. नको असेल तर हात लावू नका, बिलात येणार नाही.

म्हणजे दिवस असा बांधा: सकाळी गल्लीत फो, दुपारी बान्ह मी किंवा आई-बाबांसाठी चाय दुकान, पाचच्या सुमाराला बान्ह सेओ दोघांत एक, आणि रात्री आठला रेस्टॉरंट, पोटात जागा ठेवून. तिथे एक कोशिंबीर, एक खो, एक माशाचा किंवा खेकड्याचा पदार्थ, साधा भात, पाल्याचं ताट, आणि आई-बाबांची वेगळी सांगितलेली थाळी. पाच जणांना पुरतं.

बुकिंगच्या मेलमध्ये तीन ओळी लिहा: दोन जण चाय, अंडं नाही, मश्रूमची पूड चालेल; एक लहान मुलगी, तिखट नको; शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ती, कारण कूट प्रत्येक गोष्टीवर पडतो. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. तरीही चाय जमणार नाही असं म्हणाले तर आई-बाबांना त्या संध्याकाळी आधी चाय रेस्टॉरंटात जेवायला घाला आणि मग तुम्ही दोघं कट्ट्यावरच्या दोन जागा मागून घ्या.